फाळक्याच्या आतला डोंगर

आधी नाव सांगते, मग बाकीचं. रुकय्याआपा. पिंपळगाव बसवंतला हायवेच्या कडेला ट्रकच्या बॉड्या बांधायचा आणि रंगवायचा एक कारखाना होता. त्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या आणि त्या खोल्यांत ही आपा राहायची. कारखाना तिच्या धाकट्या भावाचा, त्याला सगळे करीमउस्ताद म्हणायचे. आज माझी चित्रं लोकांच्या बैठकीत लागतात, कुणी ओळख करून देताना 'निसर्गचित्रकार' असा जड शब्द वापरतं आणि मी माइकपुढे घामाघूम होते, तेव्हा पहिलं नाव मी आपाचंच घेते. ऐकणाऱ्यांना वाटतं, कुणी चित्रकलेची बाई असणार. आपानं जन्मात ब्रश धरला नाही. ती माझ्यासाठी एकदा खोटं बोलली, एवढंच. पण त्या एका खोट्यावर माझं सगळं उभं आहे.

मी नेपाळच्या डोंगरातली. गाव रस्त्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर. सहावीनंतर शाळा सुटली, कारण शाळा नदीपलीकडे होती, आई आजारी होती आणि घरात म्हशी होत्या. सोळावं सरता सरता थोरला भाऊ, आमच्या भाषेत दाजू, मला पिंपळगावला घेऊन आला. तो तिथल्या एका कोल्ड स्टोरेजवर वॉचमन होता. गेटजवळच्या खोलीत तो, त्याची शिट्टी, त्याची काठी आणि एक स्टोव्ह असे चौघं राहायचे, मी पाचवी. भिंतीपलीकडे मशीन अखंड घरघरायचं आणि ते मधेच बंद पडलं की दाजू जेवता जेवता दचकून उठायचा. मला मात्र पहिल्या दिवसापासून वेड लावलं ते पाट्यांनी. नेपाळीची अक्षरं आणि मराठीची अक्षरं एकच. बसमधून उतरल्या उतरल्या मी दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचत सुटले, खतं, औषधं, द्राक्षांच्या पेट्या, दातांचा दवाखाना, सगळं खडाखडा, आणि त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं. अक्षरं ओळखीची, शब्द परके. दाजू म्हणाला, "हळू वाच, लोक बघतायत." अजूनही मला मराठी येतं ते आपाच्या ओट्यावरचंच. हे लिहिताना सून शेजारी बसून शुद्धलेखन तपासते आणि मी तिला दर दोन ओळींनी विचारते, हे बरोबर आहे ना, हे कुणाला लागणार नाही ना. ती म्हणते, आई, तुम्ही लिहा हो. बरं, लिहिते.

मी तिथं राहायला आले नव्हते. दाजूचा हात स्टोव्हच्या भडक्यानं भाजला होता, तो बरा होईपर्यंत त्याला शिजवून घालायला मला आणलं होतं. वैशाख संपला की त्याला रजा मिळणार, तो मला परत गावी नेणार, आणि तिथं शेजारच्या गावातल्या एका माणसाशी माझं लग्न ठरलं होतं. त्या माणसाबद्दल मला एवढंच माहीत होतं की त्याच्याकडे रेडिओ आहे. मी धीर करून दाजूला विचारलं, मी इथंच राहिले तर? तो भात कालवता कालवता म्हणाला, "वैशाखापर्यंत काही धड काम मिळालं आणि कुणी जबाबदार माणसानं सांगितलं की ही आमच्याकडे राहील, तर मी आईशी बोलतो. नाहीतर माझ्याबरोबर चल." मी त्या दिवसापासून भिंतीवर कोळशानं रेघा मारायला लागले. रोज एक.

काम काय करायचं ते ठाऊक नव्हतं, पण कुठं करायचं ते तिसऱ्याच दिवशी ठरलं. रस्त्याच्या पलीकडे पत्र्याच्या शेडखाली दोन ट्रक नुसत्या सांगाड्याचे उभे होते. सुतारनाना वाकसानं लाकूड तासत होता, खट खट खट, आणि मधेच एखादा ट्रक हायवेवरून हॉर्न वाजवत गेला की त्या खटखटीला ताल सापडल्यासारखं व्हायचं. टर्पेंटाइनचा, ताज्या भुशाचा आणि मागून येणाऱ्या फोडणीचा वास एकमेकांत मिसळलेला. आणि जमिनीवर उघडे डबे. माझ्या गावात रंग म्हणजे गेरू, चुना आणि काजळी. इथं एक माणूस उकिडवा बसून, डब्यात काडी घालून आकाश ढवळत होता. मी हायवे ओलांडला तो कसा ओलांडला, मला आजही आठवत नाही.

तो माणूस म्हणजे करीमउस्ताद. मनगटात कडं, कानामागे ब्रश, तोंडात सुपारी. ट्रकच्या मागच्या फळीवर तो जे चित्र काढायचा त्याला तिथं सीनरी म्हणायचे. दोन तिकोनी डोंगर, मधून अर्ध्या भाकरीएवढा सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी, नारळाचं झाड आणि दोन बदकं. वीस मिनिटांत सीनरी तयार. दर ट्रकला तीच. मी चार दिवस शेडच्या खांबाला टेकून बघितलं आणि पाचव्या दिवशी माझ्याच्यानं राहवलं नाही.

"डोंगर असा नसतो."

उस्तादनं मान वळवली. "कसा नसतो?"

"असा नसतो. तू डोंगर बघितला नाही कधी?"

सुतारनानाचा वाकस थांबला. दाजूकडून उचललेल्या तोडक्या मराठीत मला तेव्हा फक्त 'तू' येत होतं. दुकानदाराला तू, कंडक्टरला तू, दाजूच्या मालकालाही तू.

"मग कसा असतो, मॅडम?" उस्ताद म्हणाला.

मला शब्द सापडेना. मी हातांनी दाखवत म्हणाले, "मोडलेला असतो."

"मोडलेला? माझ्या गाडीवर मोडलेलं काय नाय चालत. मालक काय म्हणल, गाडी नवी अन् डोंगर जुना?"

नाना मोठ्यानं हसला. तेवढ्यात मागच्या दारातून एक उंच, ओढणी डोक्यावरून घेतलेली बाई परातीसकट बाहेर आली, तिनं फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "करीम, पोरगी खोटं नाय बोलत रे. समोसा दिसतोय त्यो."

ही आपा. त्या दिवसापासून नाना त्या सीनरीला समोसाच म्हणायला लागला आणि उस्ताद माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. पण आपानं मला आत नेलं, पाणी दिलं आणि पहिली शिकवण दिली, "बाकी सगळ्यांना तुम्ही म्हणायचं. मला तू म्हण, मला बरं वाटतं." मग ती उस्तादला म्हणाली, "दिवसभर रस्त्याकडं बघत बसती बिचारी. इकडं बसली तर काय बिघडतं? घासायला माणूस पाह्यजेच ना तुला." अशी मी पॉलिश पेपरनं फळ्या घासायला लागले.

त्या दोन खोल्यांबद्दल लिहायला बसले तर वही पुरणार नाही. आपाकडे सकाळी बाजरीची भाकरी आणि कांद्याची पात, दुपारी डाळ, शुक्रवारी डालचा, म्हणजे मटणाची डाळ. जेवताना ती प्रत्येकाच्या ताटाकडे बघायची, स्वतःच्या नाही. मला घरची आठवण येते हे मी कधी बोलले नाही, पण एकदा ती बाजारातून पेठ तालुक्यातल्या बाईकडून नागलीचं पीठ घेऊन आली आणि पुढ्यात ठेवून म्हणाली, "तुझ्या भावानं सांगितलं, तुमच्यात हे खातात. कर." मी उकळत्या पाण्यात पीठ वैरून, घोटून घोटून ढिंडो केला. आमचं रोजचं जेवण ते. आपानं एक घास घेतला, चघळला, गिळला. "हे तर तापातल्या माणसाचं जेवण," म्हणाली. मी खट्टू झाले. दोन मिनिटांनी वाटी पुढे करून म्हणाली, "थोडा ताप आलाय मला, अजून वाढ."

रंगाच्या डब्याच्या झाकणाला जो रंग चिकटून राहतो तो उस्ताद फेकून द्यायचा. आपा ती झाकणं माझ्यासाठी चुलीमागं लपवून ठेवायची. नानाकडच्या उरलेल्या फळकुटांवर मी त्या रंगानं चित्रं काढायचे आणि सगळ्यांत एकच असायचं, आमच्या घरामागचा डोंगर. आपा भाकरी थापता थापता बघायची. "हे पांढरं काय?" बर्फ. "अन् हे गुलाबी?" तेही बर्फच, सूर्य उगवताना. ती म्हणायची, "बर्फ गुलाबी कसा असल गं? मला शेंडी लावू नको." मी शपथ घ्यायचे. कुणालातरी पटवून द्यायचं असलं की माणूस नीट आठवायला लागतो. त्या चुलीपुढं बसून मी माझा डोंगर पहिल्यांदा खरा पाहिला, गावात असताना नव्हे.

आता कारखान्यातला एक नियम सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं. ट्रकची मागची फळी, जिला फाळका म्हणतात, ती खालच्या कडेला कब्जांवर, म्हणजे बिजागऱ्यांवर, बसवलेली असते. साखळी सोडली की फाळका खाली पडून लोंबकळतो आणि माल चढवता येतो. पण सुतारानं फाळका तयार करून दिला की त्याला कब्जे नसतात, साखळी नसते, नुसती एक मोठी फळी. आतली बाजू कुठली, बाहेरची कुठली, वर काय, खाली काय, नवख्याला कळायचं नाही. म्हणून नाना बाहेरच्या अंगाला वरच्या कोपऱ्यात खडूनं एक फुली मारायचा. घासायच्या आधी ती फुली खिळ्यानं वरच्या कडेवर कोरून घ्यायची आणि मगच हात लावायचा. उस्तादचा हा एकच नियम. आदल्या वर्षी एकानं फुली पुसून फाळका उलटा रंगवला होता, त्याला उस्तादनं दुपारचं जेवूसुद्धा दिलं नव्हतं, तसाच घालवला. ही गोष्ट मला पहिल्या दिवशी नानानं सांगितली, दुसऱ्या दिवशी उस्तादनं, आणि तिसऱ्या दिवशी परत नानानं.

माझ्या भिंतीवरच्या रेघा साठीच्या पुढे गेल्या होत्या. उन्हाळ कांद्याचे दिवस, रस्ता गोण्यांच्या गाड्यांनी भरलेला. कांद्याचे एक व्यापारी होते, आण्णा, त्यांची नवी गाडी आमच्याकडे होती आणि बाकी सगळी तयार होऊन फाळका तेवढा राहिला होता. नेमकं त्याच वेळी उस्तादला लग्नासाठी मालेगावला जावं लागलं. "फाळका घासून, अस्तराचा हात मारून ठेव," मला म्हणाला, "सीनरी मी आल्यावर करतो. दोन दिवसांत आलो." तो बसमध्ये चढला आणि मी आपाकडे पळत गेले. का पळाले, कुणास ठाऊक. एवढी मोठी कोरी फळी माझ्या एकटीच्या ताब्यात याआधी कधी आली नव्हती.

मी घासायला लागले. एक बाजू घासली, उलटवली, दुसरी बाजू घासली, हात दुखेपर्यंत घासली, आणि दोन्हीकडून पांढऱ्या अस्तराचा हात मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात ती वाळलेली फळी बघत आम्ही दोघी उभ्या होतो. मी सहज म्हणाले, इथं बर्फ किती चांगला बसेल. आपा म्हणाली, "मग काढ की."

"उस्ताद?"

"त्याला नाय आवडला तर वरनं समोसा मारल. रंगावर रंग बसतो ना? बसतो. मग काढ."

मी दिवसभर काढत होते. असा दिवस मला नंतर फार थोड्या वेळा मिळाला. मी जेवले नाही, आपानं भाकरीचे तुकडे डाळीत बुडवून माझ्या तोंडात घातले, कारण माझे दोन्ही हात रंगाचे होते. आधी आकाश, मग डोंगराची मोडलेली कड, मग बर्फ, मग त्याखाली पायऱ्यांसारखी उतरत गेलेली शेतं, आमचं घर, गोठा, गोठ्यावरचे दगड. गुलाबी जमेना. लालात पांढरा घातला तर जत्रेतल्या मिठाईसारखा रंग यायचा. मग पिवळ्याचा एक थेंब टाकला आणि तो रंग आला, अगदी तोच, पहाटे दार उघडल्यावर दिसायचा तो. मी ओरडलेच बहुतेक, कारण नाना वाकस टाकून आला. म्हणाला, "गार वाटतं गं बघून."

तिसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद आला आणि पाठोपाठ आण्णा. मार्केट यार्डात त्यांचा कांदा भरायला पडला होता, गाडी लगेच हवी होती. उस्तादनं चित्र बघितलं. तो सुपारी चघळायची थांबला, आणि मला वाटलं, झालं, मी इथंच राहणार. मग तो वाकला, फळीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं, थांबला आणि म्हणाला, "नाना, इकडं ये."

फळीच्या एका कडेला दोन उथळ खाचा होत्या. मला वाटलं होतं, त्या साखळीसाठी असतील, म्हणून ती कड मी वर धरली होती. त्या कब्जांच्या खाचा होत्या. ती कड खालची होती. आणि चित्र होतं ते आतल्या अंगाला. फाळका बसवला तर माझा डोंगर ट्रकच्या आत जाणार होता, डोक्यावर उभा. फळी फिरवून बसवायचीही सोय नव्हती, खाचा आणि कडांचा उतार त्याच बाजूनं पाडलेला. मी फुली कोरून घेतली नव्हती. मी ती घासून टाकली होती. फुली आहे का हे बघायचंसुद्धा मला सुचलं नव्हतं.

आजही कोरा कॅनव्हास पुढ्यात आला की मी त्याच्या पाठीवर चारही कडांना वर, खाली, डावं, उजवं लिहून ठेवते. कॅनव्हासला आत-बाहेर नसतं हे मला कळतं. तरी लिहिते.

"फुली कुणी पुसली?" उस्तादनं विचारलं. आवाज अगदी शांत होता, आणि तेच वाईट होतं. आण्णा घड्याळाकडे बघत होते. नाना जमिनीकडे बघत होता. मी तोंड उघडलं, पण मला मराठीही आठवेना आणि नेपाळीही. डोळ्यांपुढं फक्त आमच्या खोलीची भिंत आली, आणि आता नव्या रेघा मारायची गरज नाही असं काहीतरी मनात आलं.

"मी पुसली," मागून आपा म्हणाली. ती ओले हात ओढणीला पुसत दारात उभी होती. "धूळ बसली व्हती फळीवर, मी फडकं मारलं. मला काय ठाव तुमच्या फुल्या? अन् चित्र काढ म्हणून पण मीच सांगितलं तिला. घालवायचं आसल तर मला घालव."

उस्तादनं सुपारी थुंकली. आई गेल्यावर त्याला या बहिणीनंच वाढवलं होतं. आण्णा वैतागून म्हणाले, "अहो, बहीणभावाचं नंतर बघा. माझा कांदा तापतोय तिकडं. बाहेरून हिरवा रंग मारा अन् बसवा तसाच."

फाळका तसाच बसवला. बाहेरून नुसता हिरवा, आत माझा डोंगर. उस्ताद जाता जाता म्हणाला, "दोन खेपांत गोण्या घासून साफ होईल." ट्रक धूळ उडवत गेला आणि मला वाटलं, माझं घर कुणीतरी दुसऱ्यांदा माझ्यापासून लांब घेऊन चाललंय. मी आपाच्या चुलीपाशी जाऊन बसले. "तू खोटं का बोललीस?" मी विचारलं. ती भाकरी उलटत म्हणाली, "मी कुठं खोटं बोलले? चित्र काढ म्हणून मीच म्हणले की नाय?" मी म्हणाले, पण फुली? ती म्हणाली, "एवढीशी तर असती फुली. जेव."

आठ-नऊ दिवसांनी ट्रक परत आला. ड्रायव्हर दगू खाली उडी मारूनच बोलायला लागला. "उस्ताद, ही काय भानगड करून दिली तुम्ही?" उस्तादच्या कपाळाला आठ्या. मी खांबाआड. "यार्डात फाळका पाडला, तर हमाल गोण्या टाकून बघत बसले. ऊन आसं, जीव चाललेला, अन् समोर बर्फ. एक म्हातारा हमाल तर पुढ्यातच बसला. म्हणला, हितंच भाकर खातो, जरा गार वाटतं."

लक्षात येतंय का? फाळका आतून रंगवला होता आणि उलटा रंगवला होता. तो खाली पडून लोंबकळला की आतली बाजू बाहेर यायची आणि खालची कड वर. चालत्या गाडीत माझा डोंगर अंधारात डोक्यावर उभा असायचा. गाडी थांबली, साखळी सुटली की तो सुलटा होऊन हमालांसमोर उभा राहायचा. रस्त्यावरच्या सीनऱ्या मागून येणाऱ्या गाड्यांसाठी असतात. ओझं वाहणाऱ्या माणसांसाठी कुणी कधी चित्र काढलं नव्हतं. मीही काढलं नव्हतं, चुकून झालं होतं.

"अन् घासलं नाय का?" नानानं विचारलं.

"घासू देत्यात व्हय? बारदान लावत्यात मधी. चढायची फळी आधी मधोमध लावायचे, आता कडंला लावत्यात, चित्र झाकलं नाय पाह्यजे म्हणून. तिकडं इंदूरचे हमाल पण तसंच. नंबर नसताना आपली गाडी आधी भरून देत्यात. आण्णांनी सांगितलंय, दुसऱ्या गाडीला पण आतून काढा. आन् जिनं काढलं तिनंच काढायचं, हे हमालांनी सांगितलंय."

आपानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी खांबाआडून एकदम शेडच्या मधोमध आले. दगूनं साखळी सोडली. फाळका धाडकन पडला. कडेला दोन ओरखडे होते, बाकी सगळं जिथल्या तिथं, गुलाबीसुद्धा. त्या आवाजानं दाजू रस्त्यापलीकडून शिट्टी हातात घेऊन धावत आला, त्याला वाटलं अपघात झाला. तो फाळक्यापुढे आला आणि थांबला. मग तो आमच्या भाषेत म्हणाला, "गोठ्यावरचे दगड डावीकडे होते."

"उजवीकडे होते," मी म्हणाले.

"डावीकडे. मीच ठेवले होते." मग त्यानं तोंड फिरवून बाहीनं पुसलं आणि मराठीत आपाला विचारलं, "ही इथं राहिली तर, तुम्ही...?"

"आमच्याकडंच राहील," आपा म्हणाली. "एवढं काय विचारायचं त्यात."

उस्तादनं आण्णांच्या दुसऱ्या गाडीची कोरी फळी ओढून आणली, नानाच्या हातातला खडू घेतला, माझ्यादेखत कोपऱ्यात फुली मारली आणि खिशातून खिळा काढून माझ्या हातात दिला. "आधी हे. मग डोंगर." मी कडेवर फुली कोरली, इतकी खोल की नाना म्हणाला, फळी चिरशील. मग मला राहवेना. "उस्ताद, ती फुली मी पुसली होती. आपानं नाही." तो पहिल्यांदा हसला. "म्हाईत हाय. त्याच दिवशी विचारलं व्हतं आपाला, फुली कुठं व्हती म्हणून. म्हणली, मधोमध."

वैशाख संपल्यावर दाजू, आईशी बोलून ते ठरलेलं लग्न मोडायला, एकटा गावी गेला. त्याच्याबरोबर मी आईसाठी एका पत्र्याच्या तुकड्यावर धोडपचा डोंगर काढून दिला, आमच्या शेडच्या मागून स्वच्छ हवेत लांबवर दिसायचा तो, कडेला भली मोठी खाच असलेला. "आईला सांग, इथले डोंगरही मोडलेलेच आहेत," मी म्हणाले. तो पत्रा आमच्या घरात चुलीवर लावला होता. आईनं त्याला रोज धूप दाखवला आणि शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, माझी मुलगी या डोंगरापाशी राहते.

पुढची सगळी वर्षं, शेकडो फाळके, मग सातपूरच्या वर्कशॉपवरची माझी खोली, मग कॅनव्हास, ते पुन्हा कधीतरी आठवेल तसं लिहीन. आज मला सांगायचं आहे ते वेगळंच. त्या दिवशी ट्रक गेल्यावर मी आपाला विचारलं होतं, तुझ्यासाठी काय काढू? तिनं लगेच सांगितलं, जणू केव्हाची वाट बघत होती. तिचं माहेर नांदगावकडचं. दारातून एक बोडका टेकडीवजा डोंगर दिसायचा आणि त्याच्या पायथ्यानं आगगाडी जायची. "ते काढ. माझ्या कपाटाच्या दाराला. आतनं काढ पण, बाहेरनं नको. माझ्यापुरतं." मी म्हणाले, आधी बघून येते, न बघता कसं काढू? आणि मग ते राहिलं. आधी काम होतं, मग लग्न, मुलगा, मग प्रदर्शनं. माझ्यासाठी खोटं बोललेल्या बाईला मी इतकी वर्षं 'पुढच्या महिन्यात' असं खोटं सांगत आले. तिनं कधी आठवण करून दिली नाही. आता हायवेवर उड्डाणपूल आलाय, शेड नाही, उस्ताद नाही, नाना नाही. आपा आहे, भाच्याकडे, डोळ्यांना मोठा चष्मा लावून, आणि ते कपाटही तिच्या खोलीत आहे. गेल्या वेळी मी ते हळूच उघडून बघितलं. आतून दार कोरं होतं. नुसत्या साड्या, नीट घडी घातलेल्या, दाराला न टेकलेल्या.

मी नांदगावला जाईन, आपा. तिथं तीन सकाळी बसेन, आगगाडी गेली की उजेड कसा हलतो तेही बघेन. मग तुझ्या खोलीत येऊन ते दार उतरवीन आणि तू शेजारी बसून माझ्या चुका काढशील, डोंगर इतका उंच नव्हता, दगड त्या बाजूला होते. पण दार उतरवायच्या आधी त्याच्या कोपऱ्यात खडूची फुली तू तुझ्या हातानं मारायची आहेस. ती मी पुसणार नाही.